लॅपटॉपचा लाल दिवा

शुक्रवार, पेडणे. तिन्हीसांज.

मावसबहीण निशा तासाभरापूर्वी डिचोलीला परत गेली आणि मी अजून धुमसतेय. म्हापशाचा बाजार करून आली होती. पिशवीत उंडे पाव आणि खांद्यावर तो नवा लॅपटॉप. दोघींचं काम एकाच सॉफ्टवेअरवर, म्हणून गंमत म्हणून दोघींनी एकदमच कंपाइल लावलं, म्हणजे कोडचा चालता प्रोग्रॅम करायला. तिचं चहा गाळेपर्यंत संपलंसुद्धा. आवाज नाही, काही नाही. माझी डिस्क मात्र करकरतेय आणि डिस्क चालू असली की पेटणारा पुढचा तो लाल दिवा लुकलुकतोय, लुकलुकतोय.

"अगो, डिस्क जुनी झाली मगो तुझी," निशा म्हणाली. "माझी एक घरी पडून आसा. फुडच्या शुक्रवारी घेवन येतंय."

आई लगेच, "बघ, किती मोठं मन तिचं!"

आणि माझं काय, वाटीएवढं?

ती गेल्यावर आधी तयार झालेला प्रोग्रॅम पुसून पुन्हा पहिल्यापासून कंपाइल लावलं. लाल दिवा जेमतेम एक-दोनदा पेटला. मघाशी वाचलेल्या फाइली लॅपटॉपमधल्या लिनक्स सिस्टिमने मेमरीतच ठेवल्या होत्या, डिस्ककडे जायची गरजच पडली नाही. तरी वेळ जवळजवळ तेवढाच लागला! म्हणजे दोष डिस्कचा नव्हताच. प्रोसेसरच म्हातारा झालाय. इतके महिने मी उगाच त्या दिव्याला शिव्या घालत होते?

निशाला कळवायला हवं. मोबाइल हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला.

तिची डिस्क मला काडीच्या उपयोगाची नाही. तरी घेणार. तिच्या घरातली एक वस्तू तरी कमी होऊ दे.