न नेलेल्या कपड्यांची विक्री

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा (डोक्यावर मोजून केस उरले, तरी तुझ्यापुढे धाकटाच) शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कटकन वाजतो म्हणाली होतीस, तो अजून वाजतो का? दाजींचा खोकला थांबला असेल आणि त्यांनी डॉक्टरांचं ऐकायला सुरुवात केली असेल अशी आशा करतो. दोन्ही जमणं अवघड आहे, पण एक तरी जमलेलं असावं. आम्ही इकडे ठीक. हिची कंबर अधूनमधून धरते, पण रफूचं काम सोडायला ती तयार नाही. गिऱ्हाइकाचं भोक दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, असं तिचं म्हणणं.

तू तीनदा फोन केलास आणि तिन्ही वेळा मी 'गिऱ्हाईक आलंय' म्हणून ठेवून दिला. ताई, तिन्ही वेळा दुकानात चिटपाखरू नव्हतं. तुझ्याशी फोनवर खोटं बोलायला मला लहानपणापासून जमत नाही (पत्रात थोडंफार जमेलसं वाटतंय). तुझा प्रश्न साधा आहे, तू स्वतःची पुंजी मोडून पैसे पाठवलेस, सगळ्या नात्यागोत्याला आम्ही भंडावून सोडलं, मग पोर कॉलेजला गेली का नाही? सांगतो. पण मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही, हे तू जाणतेस.

कॉलेजचं पत्र आलं त्या दिवशी आमची वकील (हे नाव तूच ठेवलंस, ती चार वर्षांची असताना, अर्धं वाक्य बोलायला दोन मिनिटं घेते पण त्यात समोरच्याला गप्प करते म्हणून) दुकानात माझ्या शेजारीच होती. पाय जन्मापासून तिचं ऐकत नाहीत, उजवा हात मनात आलं तर ऐकतो, डाव्या हाताचं एक बोट मात्र इमानी. त्या एका बोटावर ती दुकानाचं रजिस्टर चालवते, फोनवर टाइप करते आणि मला दमात घेते. त्या कॉलेजात तिच्यासारखीच मुलं असतात, तीन वर्षं तिथेच राहायचं. पुस्तकांची पानं मांडायला शिकवतात, नुसत्या डोळ्यांनी चालणाऱ्या संगणकावर. आणि एकटं राहायला शिकवतात. कोणाला मदतीला कधी बोलवायचं आणि कधी नाही, हेसुद्धा. पत्रात लिहिलं होतं की निम्मी फी त्यांच्या निधीतून, निम्मी घरच्यांनी, आणि होकाराचा अर्ज पैशांसकट महिनाअखेर पोचायला हवा. वकिलाने पत्र दोनदा वाचलं आणि एवढंच म्हणाली, "बाबा... मी... जाणार." विचारलं नाही, सांगितलं.

आता निम्मी फी म्हणजेसुद्धा माझं दुकान दोनदा विकलं तर निघेल अशी. तुझे आले, हिच्या भावाचे आले, तरी भोक उरलंच, आणि ते रफू होण्यातलं नव्हतं. तेव्हा मला कल्पना सुचली. (माझ्या कल्पनांविषयी तुझं मत मला ठाऊक आहे. आत्ता नको.) दुकानाच्या पोटमाळ्यावर गेल्या चौदा वर्षांत धुवायला टाकून लोकांनी न नेलेले कपडे पडून आहेत. 'तीस दिवसांनंतर जबाबदारी आमची नाही' अशी पाटी मी लावलेली, पण टाकवत कोणाचंच नाही. मला वाटतं, माणूस आज ना उद्या येईल. तर आमच्या इस्त्रीवाल्या काकांनी आणि मी सगळं खाली काढलं. तीनशे बारा नग. त्यात कोटच एकेचाळीस, एक न्यायाधीशाचा झगा, एका जादूगाराचा सतरा खिशांचा कोट, आणि एक पायमोजा, जो कोणीतरी खास ड्रायक्लीन करायला दिला होता. ठरलं की वाचनालयाचा हॉल घ्यायचा, सगळं विकायचं आणि पोरीची फी भरायची.

वकील म्हणाली, जाहिरात मी करते. पानं मांडायचा तिला नादच आहे, बोटभर जागेत तिने चार नमुने तयारही केले होते. मी म्हटलं, तू कशाला दमतेस, बाबा आहे ना. ताई, मी हे वाक्य आयुष्यात किती वेळा बोललो असेन याची मोजदाद नाही, पण एवढं महागात कधी पडलं नव्हतं. मी तिचा सहाव्या वर्षीचा फोटो शोधून काढला, ज्यात ती भोकाड पसरून रडतेय. छापखान्यातला म्हणाला, अलीकडचा हसरा फोटो नाही का? मी म्हटलं, हसऱ्या फोटोवर पैसे सुटत नाहीत. खाली मजकूर टाकला, 'एका असहाय, अभागी जिवाच्या शिक्षणासाठी पाझर फुटू द्या.' मला तो वाचून स्वतःलाच रडू आलं, म्हणून चांगला वाटला. दोनशे प्रती काढल्या आणि इस्त्रीवाल्या काकांना घेऊन रस्त्याच्या प्रत्येक खांबावर चिकटवल्या. तो रस्ता वकिलाचा रोजचा. वाचनालयात जायचा.

ती संध्याकाळी परत आली ती थेट काउंटरपाशी. मांडीवर एक पोस्टर, खांबावरून सोलून काढलेलं. (एका बोटाने. कसं सोललं असेल, किती वेळ लागला असेल, याचा विचार मी नंतर बरेच दिवस करत होतो.) म्हणाली, "बाबा... ही... कोण?" मी म्हटलं, अगं तूच की, लहानपणीची. तिने पुन्हा फोटोकडे पाहिलं. "मी... हिला... ओळखत नाही." आणि खुर्ची वळवून आत गेली. ही रफूची सुई तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. एकोणीस वर्षं त्या पोरीला कोणी बिचारी म्हटलं की तुम्ही अंगावर धावून जायचात, एवढंच म्हणाली. मी खांबांवरची पोस्टरं काढायला निघालो, पण खळ काकांनी घरी उकळलेली होती आणि त्यांच्या हातचं काही सहजी सुटत नाही. पंधरावीस निघाली, बाकीची राहिली.

विक्रीच्या दिवशी गर्दी चांगली झाली. घोटाळा एवढाच की, ज्या वस्तीतल्या लोकांनी कपडे नेले नव्हते, तीच वस्ती विकत घ्यायला आली. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दातांचे डॉक्टर आत शिरले ते समोरच एक गृहस्थ आरशापुढे तपकिरी कोट घालून वळत होते. "हा माझा कोट!" डॉक्टर म्हणाले. गृहस्थ म्हणाले, आत्ता पैसे मोजलेत. डॉक्टरांनी खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून पावती काढली, नऊ वर्षांपूर्वीची, घडीवर फाटलेली, पण माझीच. मी गृहस्थांना पैसे परत दिले. हे बघितल्यावर माणसं घरी पळाली आणि पावत्या घेऊन आली. निवृत्त मुख्याध्यापिका तर आख्खी वही घेऊन आल्या, त्यात सगळ्या पावत्या तारखेवार चिकटवलेल्या. न्यायाधीशाचा झगा एका नाटकवाल्याचा निघाला. जादूगाराचा कोट घालून बघणाऱ्याने खिशात हात घातला तो रुमाल ओढतोय, ओढतोय, संपेचना. पोरंटोरं त्याच्याभोवती, विक्री ठप्प. दुपारपर्यंत माझ्या गल्ल्यात सकाळी आणलेल्या सुट्ट्या पैशांपेक्षाही कमी उरलं होतं.

आणि गल्ल्याशेजारी, मदतीच्या पेटीजवळ, मी वकिलाला बसवलं होतं. का बसवलं, विचारू नकोस. पोस्टर वाचून आलेल्या एक बाई तिच्यापाशी वाकल्या, गालाला हात लावला, तिच्या मांडीवर नोट ठेवली आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं ओरडून म्हणाल्या, "खाऊ घे हं, बाळा!" वकील म्हणाली, "आपल्याला... कोणता... कपडा... हवाय?" बाई म्हणाल्या, काही नको गं. "मग... हे... परत... घ्या." बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. मी मधे पडून सावरायला गेलो तर तिने तोच हात, मनात आलं तर ऐकणारा, वर केला. म्हणजे थांब.

मग ती टाइप करत बसली. पाचेक मिनिटं. हॉलमध्ये भांडणं चालूच. आणि एकदम तिच्या फोनमधली बाई बोलू लागली, स्टेशनवर गाडी उशिरा असल्याचं सांगतात त्या थंड आवाजात. म्हणाली, "मी एकोणीस वर्षांची आहे. मला पुस्तकांची पानं मांडायला शिकायचं आहे. पोस्टरवरची मुलगी सहा वर्षांची आहे आणि दात दुखतोय म्हणून रडते आहे." मागून दातांचे डॉक्टर ओरडले, "तो दात मीच काढला!" आणि ताई, सगळा हॉल हसला. तिला नाही, तिच्याबरोबर. फरक मला तेव्हा कळला, आणि एकोणीस वर्षं उशिरा कळला. फोनमधली बाई पुढे म्हणाली, "कृपया पावतीची मागची बाजू वाचावी. तीस दिवसांनंतर दर महिन्याला कपडा ठेवण्याचं भाडं पडेल." आता ही ओळ मी दुसऱ्या एका लाँड्रीच्या पावतीवरून जशीच्या तशी छापून घेतली होती, स्वतः कधी वाचली नव्हती. वकिलाने रजिस्टर पुढे ओढलं आणि एकेकाचा हिशेब सांगू लागली. डॉक्टरांच्या कोटाचं नऊ वर्षांचं भाडं ऐकून ते खाली बसले, मग हसत उठले आणि भरलं. मुख्याध्यापिकांनी वही मिटली आणि म्हणाल्या, नियम म्हणजे नियम. त्यांनी सगळ्यांत आधी भरलं आणि मग मागच्यांची रांग लावली. जादूगाराच्या कोटाचा लिलाव झाला. संध्याकाळी पायमोजासुद्धा गेला. कोणाचा होता ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सगळे तिच्याभोवती. ही रडतेय, हसतेय. इस्त्रीवाले काका एका मोडक्या छत्रीने सलाम ठोकतायत. आणि मी मागच्या कोपऱ्यात रिकामे हँगर गोळा करत होतो. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण माझी मदत तिला लागली नाही, उलट ती बाजूला सारल्यावरच सगळं जमलं, हे कुठेतरी टोचत राहिलं. त्या रात्री मी तिची माफी मागितली, पोस्टरची. ती म्हणाली, "चालतं... बाबा." ती चालतं म्हणते तेव्हा चालत नसतं.

एवढं सगळं होऊन ती का गेली नाही, तर पोस्टाचा घोळ. अर्ज वेळेत पोचला नाही, तारीख टळली, जागा दुसऱ्याला गेली. पण काळजी करू नकोस. वकिलाने स्वतः कॉलेजात फोन केला (बोलणं संपायला पाऊण तास लागला, पण समोरच्यांनी एकदाही वाक्य पुरं करायची घाई केली नाही, हे मी शेजारी बसून ऐकलं). पहिल्या तुकडीनंतर सहा महिन्यांनी निघणाऱ्या दुसऱ्या तुकडीत तिला जागा मिळाली. पैसेही पोचते झाले. पुढच्या महिन्याच्या चार तारखेला जायचंय.

दाजींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा. चूकभूल पदरात घे.

तुझा,
धाकटा

ता. क. १ – ताई, पोस्टाचा काही घोळ नव्हता. बिचाऱ्या पोस्टमनला उगाच नावं ठेवली. विक्रीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी पाकीट तयार करून तिने माझ्या हातात दिलं. मी पेटीपर्यंत गेलो. पाकीट फटीत अर्धं आत घातलं आणि परत ओढलं. मनात म्हटलं, उद्या टाकू. मग रोज उद्या. इस्त्रीच्या टेबलाच्या खणात ते अकरा दिवस, तारीख टळेपर्यंत, पडून होतं आणि मी त्याच्यावर कपडे दाबत होतो. तिथे ती पडली तर, तिचं बोलणं पुरं होईपर्यंत कोणी थांबलं नाही तर, असं सतरा वेळा मनात आलं. पण खरं कारण ते नाही. ती गेल्यावर काउंटरशेजारी कोण बसणार, हे आहे. एका खुर्चीएवढ्या जागेसाठी मी पोरीचं अर्धं वर्ष खाल्लं.

ता. क. २ – म्हणून विनंती. चार तारखेला तिला सोडायला तू ये. गाडी माझीच, पण चालवायला दाजींना बसव. मी एकटा निघालो तर अर्ध्या वाटेत काहीतरी निमित्त काढून गाडी वळवीन, मला माझा भरवसा नाही. दाजी खोकले तरी चालेल.

ता. क. ३ – हे पत्र बंद करण्याआधी मी वकिलाला वाचायला देतोय. तोंडाने सांगायला चारदा तिच्यासमोर बसलो, चारदा हवापाण्यावर बोलून उठलो.

ता. क. ४ – आत्या, वाचलं. बाबांशी चार दिवस बोलणार नाहीये. मला चार वाक्यं बोलायला तेवढे लागतातच, म्हणून त्यांच्या लक्षात येईल की नाही शंका आहे. तू नक्की ये. त्यांनाही गाडीत मागे बसव, माझ्या शेजारी. आणि हे पत्र पेटीत आई टाकणार आहे. ते खातं बाबांकडून काढून घेतलंय.