बोक्याचं पाणी

बाबा, शुक्रवारी मला सुट्टी असते, तेव्हा आईचा फोन येतो. तुम्ही गेल्याला दहा वर्षं झाली आणि आता तिने पुन्हा मांजर आणलंय, घोडपदेवला आपल्या त्याच खोलीत. जिन्याखाली पिल्लं झाली होती, त्यातला एक बोका. म्हणाली, तू तिकडे मस्कतला मांजरांच्याच नोकरीत आहेस, तर सांग याचं काय काय करायचं. तुम्ही असता तर हसला असता. आठवी नापास पोरगा, कुठे सहा महिने टिकला नाही, आणि आता मालक गावाला गेले की त्यांची मांजरं सांभाळतो. इथे एसी मांजरांना आहे, आम्हाला पंखा.

तर मी सांगत गेलो. दूध बंद कर, मोठ्या मांजराला पचत नाही, ढाळ लागतात. कांदा-लसणाचं कालवण द्यायचं नाही. बांगड्याचा तुकडा दे, पण उकडून, बिनमिठाचा, काटे काढून. गॅलरीला जाळी लाव, तिसरा मजला आहे. लस टोचून घे, ऑपरेशन वेळेत कर, नाहीतर भांडून कान फाडून येईल. आठवड्यातून दोनदा कंगवा फिरव. आणि पाण्याची दोन भांडी ठेव, एक जेवणापासून लांब, पाणी रोज बदल. इथे तिने मला अडवलं. म्हणाली, "तुझे बाबा तर पाणी ठेवूच द्यायचे नाहीत रे."

नाहीच द्यायचात. नळाला सकाळी तासभर पाणी, ते पिंपात भरलेलं, आणि आपल्या तेव्हाच्या बोक्याने वाटी लवंडली की तुमची गादी भिजायची, कारण आपल्या खोलीत वाटी ठेवायला दुसरा कोपराच नव्हता. तुम्ही वाटी उचलून फळीवर ठेवलीत. दूध देतो ना, मांजर काय पाणी पितं, म्हणालात. आणि लाड म्हणजे सुकट. प्रेसमधून आलात की शर्ट काढायच्या आधी डब्यातली मूठभर सुकट काढायची, त्याला मांडीवर घ्यायचं आणि एकेक निवडून भरवायचं. मला तुम्ही हाताने काही भरवलेलं आठवत नाही.

मग ते गणपतीच्या आधीचे दिवस. बोका कुठल्याही कोपऱ्यात जाऊन बसतोय, पाठ वर काढतोय, कळवळून ओरडतोय. तुम्ही म्हणालात, पोट साफ नाही त्याचं. त्याला फडक्यात गुंडाळून दोन चमचे एरंडेल पाजलंत, मला लहानपणी पाजायचात तसं. तिसऱ्या दिवशी तो मोरीत आडवा सापडला. आणि अख्खा मजला ऐकत असताना तुम्ही मालवणीवर आलात. "तुयाच मारलंस तेका." मी हात लावला नव्हता, पायही नाही. पण नोकरी सोडल्यावरून आपलं बोलणं बंद होतं, आणि मजल्याला पटायला तेवढं पुरलं. समोरच्या काकू तर, बिचाऱ्याच्या पोटात किती जोरात लाथ बसली असेल, असं बोलून मोकळ्या झाल्या. दिवाळीनंतर मी सुरतेला कामाला गेलो. होळीच्या आधी तुम्ही हार्टने गेलात. मी पोचलो तेव्हा तुम्हाला बांधून झालं होतं. मधल्या महिन्यांत तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत.

गेल्या वर्षी इथे एक पांढरा बोका तसाच बसायला लागला. तोच आवाज. आमचे डॉक्टर मल्याळी आहेत, त्यांनी माझा हात धरून त्याच्या पोटावर ठेवला. आत टणक चेंडू. लघवी अडकलीय, म्हणाले, बोक्यांची नळी बारीक असते, लवकर मोकळी केली नाही तर मरतो. म्हणजे पोटाचं काही नव्हतंच, बाबा. एरंडेल कुठे पोचणार होतं? मी त्यांना आपल्या बोक्याचं सांगितलं, मित्राचा म्हणून. खारी सुकट, पाणी नाही, सगळं. मला त्यांच्या तोंडून तुमचा गुन्हा ऐकायचा होता. ते म्हणाले, त्यानेही होऊ शकतं, आणि सगळं नीट ठेवूनही होतं, आता नक्की कोण सांगणार. मला त्यांचाच राग आला.

शुक्रवारी आईने विचारलंच. "एवढं शिकलास, तर आपल्या बोक्याला काय झालेलं रे? हे म्हणायचे ते खरं की काय?" म्हणजे बघा, दहा वर्षं ते तिच्याही मनात होतं. मी एका वाक्यात सुटलो असतो. तुम्ही काय उठून भांडायला येणार होतात? मी म्हणालो, माहीत नाही. तेवढं बोलून वाळूचं सांगितलं. वाळू रोज सकाळी बघत जा, ओले गोळे किती आहेत ते मोज. एकही नसला तर चहा नंतर, आधी डॉक्टर.

तुमची अब्रू राखायला गप्प बसलो असं समजू नका. हा कागद आईच्या हाती लागू नये म्हणून मी तो इथेच फाडणार आहे. आपल्या त्या बोक्याच्या वाळूचं घमेलं तीन जिने खाली नेऊन ओतायचं काम माझं होतं, तुम्हीच लावलेलं, आणि मला त्याची किळस यायची. तो मोरीत सापडायच्या आधीच्या दोन्ही सकाळी घमेलं कोरडं होतं. मी हात घालून बघितलं, खडखडीत. तुम्हाला सांगितलं नाही, आईलाही नाही. आज खाली जायला नको, म्हणून मला बरं वाटलं होतं.