कोंबड्यांचा दोष नव्हता

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, पैदाशीच्या कोंबड्यांचा निवृत्त (खरे तर हाकललेला) तपासनीस, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. संतापलेला माणूस भ्रमिष्ट नसतो, हे वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावे. सर्व काही मुलाच्या नावे केलेले आधीचे मृत्युपत्र मी रद्द करतो.

१. राहते घर मागच्या अंगणासह सुनेच्या एकटीच्या नावे. कारण देणे बंधनकारक नाही, तरी देतो.

एकतीस वर्षे मी एका पोल्ट्री फार्मवर कृत्रिम रेतनासाठी नर कोंबड्यांचे वीर्य काढून तपासले. पाठीवरून हात फिरवायचा, शेपटीखाली हलका दाब द्यायचा. मिळते ते चमच्याच्या तळाशी राहील एवढेच. चांगले असले तर सायीसारखे दाट, आणि मायक्रोस्कोपखाली शुक्राणूंची नुसती घुसळण. गेल्या उन्हाळ्यात ते पाणचट येऊ लागले, निम्मे शुक्राणू निपचित. मुलगा तिथलाच व्यवस्थापक. त्याला म्हटले, "दुपारी शेडचे पंखे बंद ठेवतोस. कोंबडे धापा टाकतायत. बीज मरतंय उष्णतेनं."

"विजेचं बिल खाली आणलंय मी, मालक खूश आहेत. तुम्ही तुमचं काम बघा."

तेच तर बघत होतो! तपासणीवहीत तीनदा लिहिले. पुढे उबवणीतली अंडी उजेडावर धरली, तर शंभरातली चाळीस रिकामी, आत जीवच धरलेला नाही. मालकांनी सगळ्यांना बोलावले. माझ्याकडे न बघता मुलगा म्हणाला, "बाबांचं वय झालंय. नजर चालत नाही, वीर्यात घाण मिसळते."

पोटच्या पोराला चारचौघांत खोटे पाडायला माझी जीभ उचलली नाही. बोलली ती सून. अंडी तपासायचे काम तिचेच. नवऱ्यासमोर उभी राहून म्हणाली, "मालक, पंखे बंद होते. बाबांची वही बघा."

वहीतली नेमकी ती पाने फाडलेली निघाली. वही ठेवायच्या कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे असते, व्यवस्थापकाकडे. मला त्याच दिवशी घरी पाठवले, तिला आठवड्याने. एकशे दहा कोंबडे नापीक ठरवून खाटकाकडे धाडले. गार हवा मिळती, तर काही आठवड्यांत पुन्हा उभारी धरणारे कोंबडे होते ते! मग गुपचूप पंखे सुरू झाले, नवे कोंबडे आले, अंडी भरू लागली, आणि मुलाला बढती मिळाली.

२. मायक्रोस्कोप आणि काचपट्ट्या सुनेला. नवऱ्याचे घर सोडून ती आता माझ्याजवळ राहते. अंगणात तिने चार कोंबडे, चाळीस कोंबड्या पाळल्या आहेत. परवा विचारत होती, "बाबा, हात हलका म्हणजे नक्की किती हलका?" एकतीस वर्षांत हा प्रश्न मुलाने एकदाही विचारला नाही.

३. मुलाला काहीही नाही. गेल्या महिन्यात येऊन गेला. माफीचा शब्द नाही, विचारले काय, तर "घराचं काय ठरवलंत?"

४. माझ्या अंत्यसंस्काराला तो आला आणि सर्वांसमक्ष "पंखे मी बंद केले, पानं मी फाडली" एवढे बोलला, तर सुनेने माझे हातघड्याळ त्याला द्यावे. नाही बोलला, तरी त्याला हाकलू नये. मागे कुठेतरी उभे राहू द्यावे. एवढी माया अजून शिल्लक आहे, आणि तिचाच मला सर्वांत जास्त राग येतो.

वाचून, समजून, स्वहस्ते सही केली.

ठिकाण : माझे स्वयंपाकघर
दिनांक : ११ मार्च
सही : (मृत्युपत्र करणारा)
साक्षीदार १ : दाखला देणारे डॉक्टर (सही)
साक्षीदार २ : शेजारचा शिंपी (सही)