कोरडी काठी

१४ तारीख, मंगळवार, सकाळ

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. पंपाशेजारच्या लाँड्रीवाल्या काकूंनी विहिरीतून बादली काढली आणि तिला पेट्रोलचा वास आला, त्या सकाळी माझं सगळं बदललं. तुमचंही. पण आधी खुशाली.

मी बरा आहे. ताईकडे रुळलात का? गुडघा काय म्हणतोय? पंपाची गळकी टाकी कधीच उपटून नेली. वास मारणारी माती ट्रक भरभरून गेली. आता बोअरमधून पाणी खेचून कोळशाच्या गाळणीतून सोडतात. तपासणीचे नमुने मी घेतो. कॉलेज अर्ध्यावर सोडलेला तुमचा दिवटा प्रयोगशाळेच्या बाटल्या भरतोय, हसा.

या सफाईच्या कामावरच्या इंजिनिअर बाई कडक आहेत. बाटलीत एक बुडबुडा राहिला तरी नमुना बाद. पहिल्याच दिवशी तिसऱ्यांदा परत पाठवलं तेव्हा मी बाटली आपटली. त्या म्हणाल्या, "दुसरी घे. डोकं थंड करून ये." आणि बोअरमधलं साचलेलं पाणी आधी उपसून टाकायचं, मगच बाटली लावायची. साचलेलं पाणी खरं सांगत नाही म्हणे.

काल काकूंच्या विहिरीचा अहवाल आला. सलग तिसऱ्यांदा स्वच्छ. त्यांची मुलगी (तुम्हाला ठाऊक आहेच, उगाच कशाला लपवू) ओंजळ भरून हुंगत होती. हसली. वाटलं, आता लग्नाचं विचारून टाकावं. तेवढ्यात म्हणाली, "तुझ्या बाबांनी टाकीचं माप नीट घेतलं असतं, तर दोन वर्षं आम्ही टँकरमागे धावलो नसतो."

तुमच्याबद्दल कुणी ब्र काढला तर अंगावर जाणारा मी, अहवालाची घडी घालत बसलो.

बाबा, पंपावर रोज टाकीचं माप घेणं माझं काम होतं. पण टाकीत मापाची काठी सोडायच्या वेळेलाच ती गच्चीवर कपडे वाळत घालायला यायची. मग मी कालच्या आकड्यातून विक्री वजा करायचो आणि तेच माप म्हणून लिहायचो. काठी कोरडीच. चार महिने टाकी गळत होती, वहीत थेंब कमी नव्हता.

चौकशीत तुम्ही म्हणालात, "माप मीच घ्यायचो." माझ्याकडे पाहिलंतही नाही. नोकरी तुमची गेली.

काल संध्याकाळी बाईंना सगळं सांगितलं. वाटलं, हाकलतील. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मग म्हणाल्या, "लिहून सही कर, मी वर पाठवते. उद्या आठला नमुने आहेत, उशीर नको." आता कुणी विचारलं तर तुम्हीही खरंच सांगा.

सात वाजलेत. ती गच्चीवर आली असेल. आधी तिला हे सांगणार. त्यानंतरही ती समोर उभी राहिली, तर दुसरं विचारीन.

ही ओळ उंबऱ्यात उभा राहून लिहितोय. पत्र वाटेत पेटीत टाकतो. दार लावलं, निघालो.

तुम्ही ज्याला पाठीशी घातलंत,
तो तुमचा मुलगा