जीप रुतली तो रविवार

गुरुवार, ५ फेब्रुवारी २०२६

हो म्हणाले! सहा महिने घरात बसून माझं डोकं खाल्लं, आणि आज शेजारच्या सुभाषची स्कूल व्हॅन चालवायला एका दमात हो! सोमवारपासून. चौदा मुलं, सिल्व्हर पार्क ते शाळा, सकाळ-दुपार. सुभाष म्हणाला, "काका, एकतीस वर्षं एसटी चालवली, गाडीला एक ओरखडा नाही. असा ड्रायव्हर मला कुठे मिळणार?" ह्यांनी मान डोलावली, पण हसले नाहीत. मी म्हटलं, अहो, हसा की जरा! लायसन्स आहे, बॅज आहे, अजून काय पाहिजे?

रिटायर झाल्यापासून माणूस पार मिटून गेला होता. खाली कट्ट्यावर जात नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, भाजीत मीठ कमी म्हणून आदळआपट. स्टिअरिंग हातात आलं की आमचे कोंडिराम पुन्हा माणसात येतील. संध्याकाळी बुद्धवंदना म्हणताना माझा आवाज जरा मोठाच लागला.

शनिवार, ७ फेब्रुवारी

गणेशचं नवं खूळ. लेकाने मागच्या महिन्यात जुनी फोर बाय फोर जीप घेतलीय. तेजश्री म्हणते, "आई, नवरा माझा, पण त्याचा जीव जीपमध्ये." उद्या सगळ्यांनी ऑफरोडिंगला जायचं म्हणे. चांगला रस्ता सोडून मुद्दाम खड्ड्यांत! मी विचारलं, त्यासाठी लांब कशाला, आपल्या गल्लीत काय कमी आहेत?

रविवार, ८ फेब्रुवारी

अंग ठणकतंय. केसांत अजून चिखल आहे. तरी लिहिल्याशिवाय चैन नाही.

सकाळी पाचजण निघालो. मोरवा गाव मागे टाकून राई गावाच्या पुढे खाडीकडे जाणारी मातीची वाट धरली. गणेश चालवत होता. डोकं छताला आपटतंय, सात वर्षांची संचिता किंचाळतेय, "अजून, पप्पा, अजून!" मी आधी शिव्या घातल्या, मग हसू आवरेना. इतकी कधी हसले होते, आठवत नाही.

मग गणेश उतरला. "बाबा, आता तुम्ही." हे नको नको म्हणत राहिले. शेवटी नातीने हात ओढला, तेव्हा बसले. काय सांगू! पाठ ताठ, हात स्टिअरिंगवर, चेहरा एकदम पंधरा वर्षांनी लहान. मला रडूच आलं. पदराने पुसलं, म्हटलं धूळ गेली.

पुढे राखाडी, सपाट जमीन. गणेश म्हणाला, "बाबा, पुढे भेगाच भेगा आहेत. जायचं का?" हे म्हणाले, "भेगा पडल्या म्हणजे जमीन टणक. आमच्या परभणीकडं असल्या जमिनीवरून उसाचे ट्रॅक्टर जातात!" मीही लगेच मान हलवली — मीही तिकडचीच ना! पन्नास पावलं गेलो नसू, आणि फच्च! चारही चाकं आत.

राई गावचा एक कोळी, धर्मा नावाचा, जाळं खांद्यावर टाकून चालला होता. तो धावत आला. "न्हाय ओ! ही खाडीची जमीन हाय! वर भेगा, खाली नुसता लोण्यासारखा चिखल. उतरा लवकर, पाणी चढतंय!" मग ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "उजव्या हाताला एवढा रुंद बांध हाय, तो सोडून इकडं कसं आलाव?" ह्यांनी पूर्ण मान वळवून उजवीकडे पाहिलं.

धर्माने भावांना हाका मारल्या. होडीचा दोर आला, फळ्या आल्या. ते ओढतायत, आम्ही ढकलतोय. तेजश्री गुडघ्यापर्यंत चिखलात, मी तर बसलेच! जीप निघाली आणि अर्ध्या तासात तिथे पाणी. नुसतं पाणी.

एवढं करून वर आम्हाला घरी नेलं. धर्माच्या आईने, जिजाबाईंनी, माझे पाय स्वतः धुतले, चहा दिला, सुक्या बोंबलाची चटणी आणि भाकरी वाढली. ना ओळख, ना पाळख! मी म्हटलं, आजी, तुमचे उपकार कसे फेडू? तर म्हणाल्या, "परत या, पन बांधावरनं या!" केवढी माणसं ही! घर भरून हसलो. हे सोडून.

येताना गणेशने चालवलं. हे मागे माझ्याजवळ बसले आणि घरी येईपर्यंत माझा हात धरून होते. लग्नाला अडतीस वर्षं झाली, चारचौघांत कधी धरला नव्हता. लेकाने मान दिला म्हणून भरून आलं असेल. असा दिवस माझ्या वाट्याला आला, मी भरून पावले.

सोमवार, ९ फेब्रुवारी, सकाळ

साडेपाचला मी इस्त्रीचा शर्ट घेऊन ह्यांच्याकडे गेले. म्हणाले, "वैजू, ठेव तो. सुभाषला नाही म्हणून सांगितलं." मी तोंड उघडणार, तेवढ्यात — "उजव्या डोळ्यानं दिसत नाही गं. दिवाळीपासून. तो बांध मला दिसलाच नाही."

दहाला दोघं डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातोय. काल रुतलो ते आम्ही पाचजण. बरं झालं, बाई, रुतलो! आज चौदा लेकरं असती.