हाताकडं बग

अण्णा,

आज सात रस्त्याला न्हाव्याच्या दुकानात नंबर लावून बसलो होतो, तिथे एक शिळं वर्तमानपत्र हाताला लागलं. आतल्या पानावर चार ओळी होत्या. विलायत-अमेरिकेत मोठमोठ्या शहरांच्या खालून, भुयारातून आगगाड्या धावतात, आणि त्यांतून जाणाऱ्या उतारूंची संख्या दरसाल वाढतच चालली आहे. काही ठिकाणी म्हणे फाटकावर माणूसच उभा नसतो. एक लोखंडी दांडा असतो. माणूस तो ढकलून आत गेला की दांडा फिरतो आणि आकडा एकाने पुढे सरकतो. मी न्हाव्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मास्तर, मेल्यावर मातीत जायाचंच हाय की. जित्तेपणी कशाला गर्दी करत्यात तितं?" आणि वस्तऱ्याला धार लावायला लागला. एरवी मी हसलो असतो. आज नाही हसलो, कारण त्या दांड्यावरून तुम्ही आठवलात, आणि बारा वर्षं तुम्हाला सांगायची राहिलेली एक गोष्ट आठवली.

गर्दी आपल्या स्टेशनावरही वाढली आहे, अण्णा. गिरण्यांमुळे चारी बाजूंनी माणसं येतात, आणि गड्ड्याच्या जत्रेत तर फाटकाच्या दोन्ही खांबांना माणसं घासून जातात. जत्रेतली मोजणी अजून तुमच्याच पद्धतीने चालते. साहेबाला एकूण माथी हवी असतात, आणि तिकिटं मोजून कडेवरची पोरं आणि पासवाले कळत नाहीत, म्हणून तुम्ही ती चिंचोक्यांची युक्ती काढली होती. उजव्या हाताने तिकीट घ्यायचं, मनात एक ते दहा म्हणायचं, दहा झाले की डाव्या खिशातला एक चिंचोका पायाजवळच्या डब्यात टाकायचा. गाडी रिकामी झाली की चिंचोके मोजायचे. तुम्हाला ते दम्यातसुद्धा जमायचं. माझे आता गुडघे धरतात, आणि घरी जेवतानाही घास दहापर्यंत मोजले जातात. बायको म्हणते, "तुमी जेवताय का गाडी उतरवताय?"

मला तुम्हीच फाटकावर चिकटवलंत. पहिल्याच जत्रेला शाळेतला एक दोस्त समोर आला, मी मान वर करून "अरे, तू कुठं?" म्हणालो आणि मोजणी गेली. तुम्ही मागेच उभे होतात. सगळ्या गाडीसमोर, हमाल, टांगेवाले, बायाबापड्या ऐकत असताना तुम्ही ओरडलात, "हे फाटक हाय, पावण्यांची ओसरी न्हाय! तोंडाकडं बगू नगं, हाताकडं बग. तोंडं लई असत्यात, हात येकच येतो." मी तेव्हा बाविशीतला, नुकतं लग्न झालेला. कानशिलं तापली होती. त्या संध्याकाळी आई चुलीपुढे भाकरी थापत होती, तुम्ही जेवून उठलात आणि जाता जाता माझ्या ताटाशेजारी तो पत्र्याचा डबा ठेवलात, चिंचोक्यांसकट. आई म्हणाली, "दिलाय न्हवं? घे की मग." मी घेतला, पण राग काही गेला नाही. तो मी जपून ठेवला.

नंतर तुम्ही निवृत्त होऊन करमाळ्याकडे शेतावर गेलात. आणि मग त्या वर्षीची जत्रा. दुपारची गाडी येते आहे, डबे गच्च भरलेले, आणि मी फाटकात मान खाली घालून उभा आहे. हात येत आहेत. बांगड्यांचे हात, रंगाने निळे झालेले हात, तंबाखूचे हात. चार, पाच, सहा. तुम्ही जेऊरला गाडीत बसून डॉक्टरला दाखवायला एकटेच येणार होतात, हे मला कुणी कळवलं नव्हतं. गर्दी फाटकाबाहेर गेली, चिंचोके मोजले, कागद साहेबाकडे पोहोचला. लगेच पुढची गाडी, मग तिच्या पुढची.

महिन्याभरातच तुम्ही गेलात. तुमच्या तेराव्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, आईने मला चुलीजवळ बसवून सांगितलं. "तुज्याच फाटकातनं गेले हुते की ते. डाक्टरला दावून आले नि म्होरं लिंबाखाली तासभर बसले, तुजं काम उरकतंय का बगत. मग परतीची गाडी लागली तवा उठले. घरी आले ते लई खूश. म्हणाले, बापाच्या हातनं तिकीट घेतलं, पर पोरानं मान वर केली न्हाय. आता पोरगं तयार झालं." आई पदराने डोळे पुसत हसत होती. सगळ्या भावकीत तुम्ही ते सांगून ठेवलं होतं. तेराव्याला आलेला जो तो माझ्या पाठीवर हात ठेवून हेच बोलून गेला होता, आणि मी कशाबद्दल ते न कळून मान हलवत होतो.

तीच शाबासकी बारा वर्षं अंगावर घालून फिरतो आहे. ती माझी नाही, अण्णा. तुमच्या उजव्या अंगठ्याचं नख तिकिटाच्या चिमट्यात सापडून मधोमध चिरलं होतं आणि तसंच वाढलं होतं. सातवा हात तो होता. मी ओळखला. क्षणाचाही वेळ लागला नाही. आणि मनात आलं, बघा आता, नाही बघत तोंडाकडे. तुमचंच शिकवलेलं तुम्हालाच भरवतो. संध्याकाळी घरी याल, तेव्हा चहा पिताना मीच बोलून दाखवणार होतो. तुम्ही किती वाळलात, तोंड कसं दिसत होतं, मला माहीत नाही. मला फक्त तो अंगठा माहीत आहे.

हे पत्र कुठे टाकायचं? घडी घालून डब्यात ठेवतो, चिंचोक्यांखाली. पुढच्या आठवड्यात जत्रा आहे, तेव्हा डबा लागेलच. आणखी एक सांगून टाकतो. ती मोजणी बरोबर नव्हती. सातनंतर मला आठ म्हणताच आलं नाही. गाडी रिकामी होईपर्यंत मी नुसते अंदाजाने चिंचोके टाकत राहिलो.