ह्यांचा केशरी

१० जानेवारी, शुक्रवार
आजपासून साहेबांचा विचार बंद. मला सूडबीड काही नको. त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं, पेंटबॉलचा नवा केशरी मी स्वतः तयार केला, धुक्यातही उठून दिसतो. दिसणारच. आमचे हे दोन हिवाळे खिडकीच्या काचांवर नमुने फासून बघत होते. पुसायची मी. अख्खा कारखाना ह्यांना रंगोबा म्हणायचा. जाऊन वर्ष नाही झालं आणि रंगाला नवा बाप मिळाला.

११ जानेवारी
रात्रभर साहेबांचाच विचार. सूड नाही, न्याय. बॉक्सवर ह्यांचं नाव हवं.

१३ जानेवारी, सोमवार
पुढच्या आठवड्यात शुक्रवारी मोठं गिऱ्हाईक येणार. साहेब पांढरा शर्ट घालून खेळातल्या बंदुकीने स्वतःवर बॉल मारून घेणार, मग पाण्याने धुऊन दाखवणार. ह्यांच्या जागी रंगाच्या टाकीवर आता मी आहे. देव आहे म्हणायचा.

१४ जानेवारी
कपड्यांचा पक्का रंग आणला. पट्टीच्या मशीनवरच्या मावशी म्हणाल्या, आज तुकतुकीत दिसतेस गं, कुणाचा काटा काढायचाय? मी म्हटलं, मी कशाला कुणाच्या वाटेला जाऊ.

१६ जानेवारी, गुरुवार
रंग पाण्यात कालवून थोड्या मालात टाकला. मावशींच्या मशीनवर जिलेटिनच्या दोन पट्ट्या रुळांमधून येतात, मधे रंग पडतो, पट्ट्या चिकटून गोळी तयार. तापावरच्या मऊ कॅप्सूल होतात तशीच. गोळ्या फिरत्या पिंपात वाळायला गेल्या आणि सगळा लगदा झाला. पाण्याने जिलेटिन विरघळतं. म्हणून तर आत पाणी नसतं, ग्लायकॉल असतं, खोकल्याच्या औषधातलं. हे मला ठाऊक होतं. हवा दमट होती, दुसरं काही नाही.

२० जानेवारी, सोमवार
लायब्ररीतलं रसायनाचं पुस्तक पुन्हा वाचलं. आज पक्का रंग थेट ग्लायकॉलमध्ये घोटला. घट्टपणासाठी मेण नेहमीइतकंच. गोळ्या देखण्या झाल्या. ह्यांनी बघितल्या असत्या तर पाठ थोपटली असती. नसती थोपटली कदाचित. ते असल्या बाबतीत भित्रे.

२३ जानेवारी, गुरुवार
गोळ्या ट्रेमध्ये वाळून कडक. उद्या दाखवायच्या डब्यात मीच भरल्या. साहेबांचा शर्ट इस्त्री होऊन आला. मीच हँगरला लावला. छान कापड आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार
बॉल छातीवर फुटला. साहेबांनी बादली ओतून घेतली. डाग आणखी पसरला. गिऱ्हाईक हसत जवळ गेलं, चोळून बघितलं, त्याचेही हात केशरी. साबण आणला. मग रॉकेल. मला हसू दाबता येईना, डोळ्यांतून पाणी आलं.
गिऱ्हाइकाने विचारलं, हा रंग केला कुणी?
साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "हा माझा नव्हे. आमचे रंगोबा होते, त्यांचा. गेले बिचारे, आता त्यांच्या चुका आम्ही निस्तरतोय."
मग माझे डोळे बघून हळूच म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, वहिनी."
उद्या खरं सांगणार. नोकरी गेली तर गेली.

२५ जानेवारी
साहेबांचा घसा बसलाय. आजारी माणसाला काय सांगायचं.

२७ जानेवारी, सोमवार
सांगायला केबिनपाशी गेले होते. आत माणसं होती. मावशी म्हणाल्या, रंगोबा असा चुकणारा माणूस नव्हता गं. मी पट्टी सरळ करत राहिले.

२९ जानेवारी, बुधवार
केशरीचा सगळा माल बाद. ह्यांनी केलेला जुनाही. ड्रमवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'रंगोबा केशरी. फेकणे.' कारखान्यात ह्यांचं नाव पहिल्यांदाच कशावर तरी आलं.
ट्रकवरच्या हमालाने विचारलं, हा रंगोबा कोण हो बाई?
म्हटलं, माहीत नाही.
ड्रम जड होता. एका बाजूने मीही हात लावला.